खुर्चीवरून बांधलेलं इंजिन

जावयाने पाना हातात धरायचा नाही, हा माझ्या सासुरवाडीचा कायदा. तो कुणी सांगितलेला नव्हता, पण मोडायला गेलं की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्यापुढे माझं काही चालायचं नाही. अमरावतीतल्या त्या घरात एकदा नळाचा वायसर बदलायला मी स्टुलावर चढलो, तर सासरे ओल्या टॉवेलावर न्हाणीतून धावत आले. "जवाईबापू, खाली उतरा. लोक पाहून राहिले." लोक म्हणजे समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. मी उतरलो. नळ गळत राहिला आणि प्लंबर यायला पुढचा आठवडा उजाडला.

मी अकोल्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मशिनरीच्या देखभालीला होतो. कापसाने सगळ्या वऱ्हाडाची दातखीळ बसवली होती ती वर्षं. आमच्याकडे आधी रात्रपाळी बंद झाली, मग सरकीच्या तेलाचा विभाग, मग फाटकच. क्वार्टर सोडावं लागलं. माझं घर नांदगाव खंडेश्वरकडे. तिथे दोन खोल्यांत भावाचा संसार, त्यात आम्ही दोघं कुठे पाय पसरणार? सासरे स्वतः टेम्पो घेऊन अकोल्याला आले आणि आमचं सामान त्यांनी स्वतः चढवलं. मला हात लावू दिला नाही. "चार दिवस रायजा आरामात," म्हणाले. त्या चार दिवसांत दोन पोळे होऊन गेले.

नोकरी शोधत नव्हतो असं नाही. पण अर्ज करायला आधी कारखाना तरी उघडा हवा. ज्या फाटकावर जाऊन उभा राहायचो तिथला चौकीदारच मला विचारायचा, तुमच्याकडे काही आहे का म्हणून.

घरातली माणसं वाईट असती तर मी भांडलो असतो, दारं आपटून बाहेर पडलो असतो. पण सासूबाई ताटात तिसरी पोळी वाढताना माझ्या तोंडाकडे अशा काही बघायच्या की नाही म्हणणं पाप वाटायचं. बायको सकाळी बालवाडीत शिकवायला जायची. मग उरायचो आम्ही तिघं: मी झोपाळ्यावर, सासरे समोर पेपर घेऊन, सासूबाई दर तासाला काहीतरी खायला घेऊन. जावयाला एकटं सोडून कसं जायचं, म्हणून ती दोघं एकत्र कुठे जात नसत. लग्न असो की तेरवी, एक जायचं आणि एक माझ्यापाशी बसायचं. मला ते पाहून चीड यायची. मी काय पाळण्यातलं लेकरू होतो की कुणी सतत नजर ठेवावी? पण चिडूनही आवाज चढवायची सोय नव्हती, कारण पाहुणा कुठे ओरडतो?

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पहिली नेमणूक धारणीकडची, मेळघाटात. तिथल्या गोष्टी ते सांगायला लागले की सासूबाई हळूच उठून जायच्या, इतक्या वेळा ऐकलेल्या. त्यांची एकच चैन होती: अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी छोटी गाडी. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, क्रीम रंगाची. एका डॉक्टरकडून ती त्यांनी कधीकाळी घेतली होती. रविवारी ते ती पुसत, देवीपर्यंत नेऊन आणत आणि पुन्हा ताडपत्री घालत.

माझ्याकडेही एक वस्तू होती. कारखान्याची मशिनरी भंगारात गेली तेव्हा तेल विभागातला एक लहान ब्लोअर भंगारवाल्याने नको म्हणून बाजूला टाकला होता. टाकीत हवा सोडायचं यंत्र ते. आत इंग्रजी आठाच्या आकाराचे दोन ॲल्युमिनियमचे रोटर, एकमेकांना न शिवता एकमेकांत फिरणारे. त्यांच्यात आणि बाहेरच्या खोक्यात फट इतकी बारीक की कागद जेमतेम जावा. मी ते उचलून आणलं होतं. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. कारखान्यातलं काहीतरी चालतं राहावं, एवढंच असेल.

त्या पावसाळ्यात आमच्या कारखान्याचा जुना स्टोअरकीपर घरी आला. त्याने मेळघाटात सेमाडोहला पर्यटकांसाठी राहण्याची जागा चालवायला घेतली होती. पाऊस संपला की जंगल उघडतं, तेव्हा त्याला एक माणूस हवा होता. पाहुण्यांना परतवाड्याहून गाडीने आणायचं-पोचवायचं, आणि जनरेटर नि पाण्याचा पंप सांभाळायचा. राहायला वेगळी खोली, मागे स्वयंपाकघर. मी इतक्या जोरात हो म्हणालो की सासूबाईंच्या हातातला चहा हिंदकळला.

"पण गाडी कोणती?" त्याने विचारलं.

मी शेडकडे बोट दाखवलं. तो हसला. "अरे बाबा, ते म्हातारी चार माणसं घेऊन घाट चढन का? पाहुणे उतरून धक्का मारतीन. दिवाळीआधी एकदा भरगच्च माणसं घालून वर आणून दाखव. आली तर खोली तुही."

त्याच रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. खोली. स्वतःची, जिथे मला कुणी वाढणार नाही. जिथे गळणारा नळ मी दुरुस्त करीन आणि कुणाला वाईट वाटणार नाही. आणि तिथे पोचायचं तर त्या म्हाताऱ्या इंजिनात दम भरायचा. दम भरायचं यंत्र माझ्या पलंगाखाली पडलं होतं.

इंजिनाचं गणित तसं सोपं आहे. ते जेवढी हवा ओढतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, आणि तेवढीच त्याची ताकद. ब्लोअर लावला की तो इंजिनाने हवा ओढायची वाट पाहत नाही, ती आत कोंबतो. ब्लोअर फिरवायचा इंजिनाच्याच पुलीवरून पट्टा घेऊन. पण जास्त कोंबलं तर पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन आतून ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून हेडखाली जाड पॅकिंग देऊन आतला दाब कमी करायचा, स्पार्क थोडा उशिरा करायचा, आणि कानाने ऐकत राहायचं. मी हे कधी गाडीला केलेलं नव्हतं. पण पट्टे, पुल्या, ब्लोअर यांच्यात माझी बारा वर्षं गेली होती.

मामाजींनी गाडीला हात लावू दिला, हेच मला नवल वाटलं. मी भीतभीत विचारलं तर ते चष्मा काढून म्हणाले, "चढन का खरंच घाट?" मी म्हटलं चढेल. "मंग करा," म्हणाले. मी आनंदाने बाही सरसावली, बॉनेट उघडलं, आणि मागून सासूबाईंचा हुंदका आला.

शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. जवायाकडून गाडी रिपेर करून घेऊन राहिले, ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचली असती. मामाजींनी बॉनेट बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला माजी विद्यार्थी असलेला एक लेथवाला बोलावला, आणि शेडसमोर कडुलिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची मांडली. हाताची, गादीची खुर्ची. बाजूला स्टूल, स्टुलावर टेबलफॅन.

"तुमी सांगा," मामाजी म्हणाले, "तो करन."

मी आयुष्यात बरंच काही सोसलं आहे, पण त्या खुर्चीइतकं काही नाही. समोर इंजिन उघडं पडलेलं, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून हवा खात बसलेलो. लेथवाला मजेदार माणूस होता, तोंडाचा पट्टा सतत चालू असणारा. प्रत्येक कामाला त्याचा एकच शब्द: "मख्खन! मख्खन चलेगी!" बोल्ट आवळताना तो दात खायचा आणि मला कळायचं की तो जास्त आवळतोय. बोल्ट किती आवळायचा हे मनगटाला कळतं, ते तोंडाने सांगणार कसं?

"भाई, थोडा ढिला," मी म्हणायचो.

"कितना ढिला?"

"थोडा."

"आप के थोडे और मेरे थोडे में फरक है, जवाईबापू," तो म्हणायचा आणि डोळा मारायचा. तोही मला जवाईबापूच म्हणायला लागला होता. त्याला या तमाशाची पुरी मजा येत होती, आणि मला त्याची मान धरावीशी वाटत होती.

एकदा राहवलं नाही. तो चहा प्यायला गेला तेव्हा मी उठून ब्लोअरची पुली बोटाने फिरवून पाहिली. किती दिवसांनी लोखंडाचा गारवा हाताला लागला! तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी माझे हात पाहिले. आत गेल्या, तांब्या आणि साबण घेऊन आल्या आणि माझ्या हातांवर पाणी घालायला उभ्या राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात धुतले आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

तरी काम पुढे सरकलं. ब्लोअर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवर बसवला, त्याच्या डोक्यावर कार्बोरेटर. त्यामुळे बॉनेट लागेना, म्हणून त्याला खिडकी कापली. ती पत्र्यावर चालणारी करवत मामाजींनी डोळे मिटून ऐकली. रविवार रविवार पुसलेला पत्रा होता तो. रेडिएटरपुढे जादा पंखा लावला. लेथवाल्याने ॲल्युमिनियमची पुली घडवली, ती दोन वेळा वाकडी निघाली, दोन्ही वेळा तो म्हणाला की मीच माप चुकीचं सांगितलं. तिसरी बरोबर आली. सगळं तोंडाने. मी दिवसभर बोलून बोलून घसा बसवून घ्यायचो आणि बायको संध्याकाळी विचारायची, "आज काय काम केलं?" मी म्हणायचो, "भाषण."

तिला सेमाडोहला यायचं होतं का, हे मी विचारलं होतं. "तुमी जाल तिथी मी येतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. पण तिने मान खाली घालून अंबाडीची भाजी निवडत ते सांगितलं, आणि मी जास्त खोदलं नाही.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं झाडून सगळं यंत्र पुजलं जातं, शिलाई मशीनपासून सायकलपर्यंत. गाडी तर मानाची. आदल्या दिवशी लेथवाल्याने कार्बोरेटर, त्यातली पेट्रोलची जेट बदलायला, काढून नेला होता आणि ब्लोअरच्या उघड्या तोंडाला मी फडकं बांधायला लावलं होतं. सकाळी झेंडूची माळ घालून, आपट्याची पानं ठेवून गाडी सजली. मी लांबून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी लेथवाला आला, कार्बोरेटर बसवला, "मख्खन" म्हणाला आणि अकोल्याला साडूच्या घरी लग्नाला निघून गेला. आठवड्यात ट्रायल होती.

दुपारी मामाजींनी चावी फिरवली. इंजिन कण्हलं, पट्ट्याने किंकाळी फोडली आणि रबर जळाल्याचा वास सुटला. मी खुर्चीवरून उडालो. "बंद करा! बंद!"

पट्टा काढून पाहिलं तर इंजिन मोकळं होतं, ब्लोअर घट्ट. कार्बोरेटर सोडवायला हवा होता आणि सोडवणारा अकोल्यात लग्नाच्या पंगतीत. मी मामाजींकडे बघितलं. मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मग ते चालत फाटकाशी गेले, त्याला कडी घातली, शेडपुढे जुनी सतरंजी पडद्यासारखी टांगली आणि परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "करा. कोनी पाहून नाही राहिलं."

मी कार्बोरेटर सोडवला. आत, दोन्ही रोटरच्या मध्ये, कुंकवाने लाल झालेले तांदूळ होते. काही अख्खे, काहींचं पीठ. अक्षता.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. "फडकं मीच सोडलं," त्या म्हणाल्या. "तोंड बांधून कोनाची पूजा करते का कोनी? मंग परत बांधलं होतं मी. तसंच बांधलं होतं." आणि त्या रडल्या, यावेळी माझ्या हातांसाठी नव्हे. मला राग यायला हवा होता. पण एवढ्या मनोभावे कुणी त्या ब्लोअरची पूजा केली होती, हे पाहून मला हसू फुटलं. मी हसलो, मग मामाजी हसले, आणि सासूबाई आम्हा दोघांवर चिडून आत गेल्या.

ती दुपार माझ्या त्या सगळ्या काळातली एकमेव दुपार. सतरंजीच्या आड उकाडा मरणाचा, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी सुखात होतो. ब्लोअर उतरवला, रोटर बाहेर काढले, एकावर ओरखडा होता तो बारीक पॉलिश पेपरने घासला. मामाजी परात घेऊन बसले होते. मी स्क्रू द्यायचो, ते परातीत ओळीने मांडायचे. आणि प्रश्न विचारायचे. हेडमास्तरांसारखे, एकामागून एक. हा पट्टा किती ताणायचा? अंगठ्याने दाबून दाखवलं. ठोकणं ऐकू येतं म्हणजे नेमकं कसं? डब्यात खडे हलवल्यासारखं, मी सांगितलं. स्पार्क मागे घ्यायचा तर हे कुठे फिरवायचं? मी त्यांचा हात धरून डिस्ट्रिब्युटरवर ठेवला आणि फिरवायला लावला. त्यांच्या नखांत काळं गेलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, धुतलं नाही. मला वाटलं, माझ्या कामात सासरे मन घालतात, किती माया. दिवेलागणीला इंजिन सुरू झालं तेव्हा त्यातून एक बारीक शीळ निघाली, ब्लोअरची, आणि आम्ही दोघं ती ऐकत उभे राहिलो.

ट्रायलला भरगच्च माणसं हवी होती. घरातलीच निघाली: पुढे मामाजी चालवायला, जावई म्हणून शेजारी मी, मागे सासूबाई, बायको, आणि परत आलेला लेथवाला, कारण हे कर्तृत्व आपलं आहे असं त्याला घाटात सांगायचं होतं. सासूबाईंनी शिदोरी इतकी घेतली की डिकी बांधावी लागली. माझ्या दृष्टीने ते बरंच होतं, वजन वाढलं.

परतवाडा सुटलं आणि चढ लागला. पहिल्या वळणाला मामाजी नेहमीच्या सवयीने गिअर खाली घालायला गेले, मी म्हटलं, "राहू द्या." त्यांनी पाय दाबला. शीळ वाढली आणि गाडी वर निघाली. धापा नाहीत, थरथर नाही. माणसांनी लदलेली एक जीप पुढे चालली होती, तिला मामाजींनी मागे टाकलं आणि स्वतःच दचकले. "मख्खन!" लेथवाला मागून ओरडला, आणि मी त्याला सगळं माफ केलं. घाटातल्या घटांग गावाच्या वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा लालच्या अलीकडेच होता. मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. सागाच्या पानांचा वास येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं. सुटलो, असं मला वाटलं.

सेमाडोहला स्टोअरकीपर दारातच उभा होता. गाडी पाहिली, माणसं मोजली, कापलेल्या बॉनेटमधून वर आलेला कार्बोरेटर पाहिला आणि माझ्या पाठीत थाप मारली. "जितलास गड्या. खोली पाहून घे."

खोली लहान होती. चुन्याच्या भिंती, एक खिडकी, बाहेर मोहाचं झाड. कोपऱ्यातला नळ गळत होता. मी तो बंद करायचाही प्रयत्न केला नाही, नंतर सावकाश करू म्हटलं.

बाहेर आलो तर मामाजी व्हरांड्यात खुर्चीवर बसून तिथल्या एका म्हाताऱ्या रखवालदाराशी कोरकूत, धारणीला असताना शिकलेल्या आदिवासींच्या बोलीत, बोलत होते. अडखळत, पण बोलत होते, आणि रखवालदार हसत होता. मला पाहून ते उठले. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका उजळ होता.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मी ठरवलं. हे काम मी करतो."

मला कळलंच नाही. "कोणतं काम?"

"हेच. गाडीचं. आमी दोघं इथी राहतो. तुमी घर सांभाळा."

"मामाजी, हे काम माझ्यासाठी होतं."

"तुमच्यासाठीच करून राहिलो न!" ते कळवळून म्हणाले. "माह्या जवायानं लोकायच्या बॅगा उचलाव्या? पाहुण्यायनं हाका माराव्या, ए ड्रायव्हर? लोक माह्या तोंडात शेण घालतीन. मी मास्तर माणूस, मले कोनी काही म्हणत नाही. अन् जनरेटरचं म्हणाल तर तुमी फोनवर सांगा, मी करीन. आता मले येते."

मी स्टोअरकीपरकडे पाहिलं. त्याचे डोळे लकाकत होते. हेडमास्तर, जंगलाची भाषा येणारा, जुन्या काळातला, पाहुण्यांशी शुद्ध बोलणारा. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला सौदा. तो म्हणाला, "गुरुजी, लाखाची गोष्ट बोलले."

मी सासूबाईंकडे वळलो. निदान त्या तरी नाही म्हणतील. त्या खोलीच्या दारात उभ्या राहून चूल कुठे मांडायची ते बघत होत्या. "किती वर्सं झाली," त्या कुणालाच उद्देशून नव्हे अशा म्हणाल्या, "आमी दोघं मिळून कुठी गेलो नाही." मग माझ्याकडे लक्ष गेल्यावर गडबडल्या. "तसं नाही जवाईबापू. तुमचं काही जड नव्हतं."

तेव्हा मला ते दिसलं. ती लग्नं, त्या तेरव्या, आळीपाळीने जाणारी ती दोघं. मी त्या झोपाळ्यावर कैदेत होतो हे खरं, पण कैद्याला सोडून पहारेकऱ्यालाही कुठे जाता येतं? मी आलो त्या दिवसापासून ती दोघं माझ्या पायाशी बांधली गेली होती, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. सुटकेची वाट ती माझ्यापेक्षा जास्त पाहत होती, आणि ती वाट मीच खुर्चीवर बसून, घसा बसेपर्यंत बोलून, त्यांच्यासाठी बांधून दिली होती.

तरी मला राग आला. समजलं म्हणून राग जात नाही. मी बायकोला मोहाच्या झाडाखाली गाठलं. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

तिने व्हरांड्याकडे पाहिलं. "बाबाले मी असं खुश कधी पाह्यलं नाही," ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुमाले राग आला. मले मालूम आहे. पण मी नाही सांगू शकत."

जेवताना सासूबाईंनी मला आधी वाढलं.

दिवाळी झाल्यावर ते निघाले. दोन ट्रंका टपावर, भांड्यांचं पोतं मागच्या सीटवर, सासूबाई पुढे, मांडीवर देव. घराच्या चाव्यांचा जुडगा मामाजींनी माझ्या हातात ठेवला तेव्हा बायको आणि मी पाया पडलो. फाटक मी उघडलं. त्यांनी ते उघडू दिलं.

मामाजींनी इंजिन सुरू केलं आणि उतरून माझ्याजवळ आले. "ऐका बरं. आवाज बरोबर आहे न?"

मी बॉनेटजवळ वाकलो. स्पार्क त्यांनी आदल्या दिवशी स्वतः जुळवला होता. मी खोट शोधत होतो, ते मी नाकारणार नाही. पट्टा ढिला, कुठे ठोकणं, काहीही. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते. माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता. मी बराच वेळ वाकून राहिलो. इंजिन एकसारखं चालत होतं आणि वर ती बारीक शीळ.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ते हलले नाहीत. पाहुण्याने यजमानाला विचारावं तसं, सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने मला विचारलं, "मंग जाऊ?"

"जा मामाजी," मी म्हणालो.

ते गाडीत बसले. सासूबाईंनी पदर सावरला, हात हलवायला वर केला आणि गिअर पडला. गल्लीच्या टोकाशी गाडी वळली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागे वळून पाहिलं नसतं. त्यांनीही पाहिलं नाही.